बोटभर उंचीची किंमत

मार्गशीर्षात योगेश्वरीचा उत्सव सुरू झाला, की अंबाजोगाईत बाहेरगावच्या मोटारींची गर्दी होते. कोकणस्थांची ही कुलदेवता. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या, ठाण्याच्या, क्वचित रत्नागिरीच्याही पाटीची गाडी इथे दिसते, आणि तिच्या शेजारी आपल्या 'एमएच ४४'च्या गाड्या उभ्या असतात. (अंबाजोगाईला जिल्हा मिळाला नाही, पण मोटारीच्या पाटीवर स्वतंत्र आकडा मिळाला, हेही नसे थोडके.) पंचवीस वर्षांपूर्वी या गर्दीत मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका अशा ठेंगण्या गाड्या जास्त असत. टपावर कॅरिअर, कॅरिअरवर बॅगा, आत दाटीवाटीने बसलेली सहा माणसे आणि कुणाच्या तरी मांडीवर नैवेद्याचा डबा. आज त्याच जागी उंच नाकाच्या, चाकांभोवती काळे प्लास्टिक ल्यालेल्या गाड्यांची रांग लागते. आतून उतरतात ती मात्र तीन किंवा चार माणसे. रस्ते पूर्वीपेक्षा बरे झाले, कुटुंबे लहान झाली, सामान कमी झाले. मग गाडीच तेवढी का फुगली?

प्रश्न वरवर चैनीचा वाटेल. तसा तो नाही. घर सोडले तर मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात जी सर्वांत मोठी खरेदी करतो ती मोटारीची. पाच-सात वर्षांचे हप्ते त्या एका निर्णयाने ठरतात. शिवाय या खरेदीचा परिणाम ज्यांनी आयुष्यात मोटार घेतली नाही आणि घेणारही नाहीत, अशा माणसांवरही होतो. तेव्हा रविवारच्या चहाबरोबर त्याचा थोडा विचार करायला हरकत नाही.

आधी शब्द समजून घेऊ. जिला मागे वेगळी, बाहेर आलेली डिकी नसते आणि जिचे मागचे दार काचेसकट वर उचलले जाते ती हॅचबॅक. आपली मारुती ८०० ही त्यातलीच. (टाटांच्या पहिल्या नॅनोचे मागचे दार उघडतच नसे, ते उघडायला २०१५ साल उजाडावे लागले, पण तिलाही लोक हॅचबॅकच म्हणत.) 'एसयूव्ही' म्हणजे स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल. मुळात जीपच्या जातीची, दणकट सांगाड्यावर बांधलेली, चारही चाकांना ताकद देता येईल अशी, डोंगरदऱ्यांत जाणारी गाडी. ही झाली मूळ व्याख्या. आज शोरूममध्ये हा शब्द ज्या गाडीला लावला जातो, तिचा आणि डोंगरदऱ्यांचा संबंध बहुतेक वेळा जाहिरातीपुरताच असतो.

याचे एक चांगले उदाहरण एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत सापडते. टाटा अल्ट्रोझ ही हॅचबॅक आणि टाटा पंच ही एसयूव्ही. दोघींचा खालचा पाया एकच, पेट्रोल इंजिन १२०० सीसीचे, त्याच घराण्यातले. पंच २०२१ साली आली तेव्हा तिची लांबी होती ३८२७ मिलिमीटर, अल्ट्रोझची ३९९०. म्हणजे 'मोठी' समजली जाणारी गाडी लांबीला 'लहान' गाडीपेक्षा वीतभर नसली तरी सात-आठ बोटे आखूडच. फरक पडतो तो जमिनीपासूनच्या उंचीत. अल्ट्रोझचे पोट जमिनीपासून १६५ मिलिमीटरवर, पंचचे १८७. बावीस मिलिमीटर, फार तर एक बोट. मारुतीच्या बलेनोपासून २०२३ मध्ये फ्रॉन्क्स झाली तीही याच वाटेने. आणि ही बोटभर उंची लोकांना इतकी भावली, की २०२४ या वर्षात देशात सर्वाधिक खपलेली गाडी पंच ठरली. मारुतीखेरीज दुसऱ्या कुणाची गाडी पहिल्या क्रमांकावर येण्याची गेल्या चार दशकांतली ती पहिलीच वेळ. वॅगन आर थोडक्यात मागे राहिली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात जी सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली, त्यांतली जवळजवळ २८ लाख 'युटिलिटी' या सदरातली होती. या सदरात सात-आठ आसनांच्या कुटुंबाच्या गाड्याही येतात, हे लक्षात घेतले तरी कल कुणीकडे आहे ते उघड आहे.

या उंचीचे आकर्षण आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, कुठून आले? माझे मत असे, की ते जाहिरातीतून आलेले नाही. जाहिरातवाल्यांनी फक्त जुन्या जखमेवर नेमके बोट ठेवले.

निजामी गेली, मोमिनाबादचे पुन्हा अंबाजोगाई झाले, आणि त्याच सुमाराला महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्यानंतरची तीसेक वर्षे आपल्या खेड्यांत इंजिन असलेले वाहन येई ते दोन प्रकारचे. एक एसटी, दुसरी जीप. एसटीतून आपली माणसे येत. जीपमधून येत ते साहेब. तहसीलदार, फौजदार, बीडीओ, बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामाची हजेरी तपासायला येणारे इंजिनिअर, पुढे साखर कारखान्याचे चेअरमन. चावडीपुढे जीप उभी राहिली म्हणजे गावात काहीतरी घडते आहे, हे शेंबड्या पोरालाही कळे. जीपमधला माणूस वर बसलेला असे आणि बोलणारा खाली उभा. मान वर करून बोलायची सवय दोन पिढ्यांना लागली. मोटारीची उंची आणि अधिकाराची उंची ही अशी एकमेकींत मिसळून गेली.

मधल्या काळात या उंचीची थोडी आबही गेली होती. जीप आणि ट्रॅक्स 'काळी-पिवळी' होऊन केज, परळी, लातूरच्या रस्त्यांवर धावू लागल्या. नऊ माणसांच्या जागेत पंधरा, आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारे वेगळेच. त्याच वेळी गावात दुसरी एक प्रतिष्ठा उभी राहिली, ती ठेंगण्या गाडीची. अंबाजोगाई हे शिक्षणाचे आणि दवाखान्यांचे गाव. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय इथे १९७४ साली निघाले. योगेश्वरी शिक्षण संस्थेची परंपरा त्याहून जुनी. १९८३ च्या डिसेंबरात दिल्लीत पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि काही वर्षांत ती इथल्या डॉक्टरांच्या दारात दिसू लागली. मग प्राध्यापकांच्या, वकिलांच्या, पतसंस्थेचे कर्ज काढून एखाद्या मास्तरांच्याही. ही गाडी कुणावर वचक बसवायला घेतलेली नव्हती. बायकोला माहेरी न्यावे, आईला डोळ्यांच्या तपासणीला लातूरला न्यावे, पावसात भिजू नये, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. गावातल्या कितीतरी शिक्षिका, डॉक्टरीणबाई मोटार शिकल्या त्या याच गाडीवर, कारण ती गल्लीत वळत असे आणि कुठे घासली तरी डोक्यावर आभाळ कोसळत नसे. १९९८ च्या अखेरीस पुण्यात बनलेली इंडिका आली आणि डिझेलवर चालणारी लहान गाडी शेतकऱ्याच्या घरातही शिरली.

मग २००२ मध्ये नाशिकहून स्कॉर्पिओ आली. टाटा सुमो १९९४ पासून होतीच, पण सुमोला शेवटपर्यंत वऱ्हाडाच्या गाडीची कळा राहिली. स्कॉर्पिओने वेगळेच काम केले. जीपमधल्या साहेबाची उंची आणि मारुतीतल्या डॉक्टरांचा आराम तिने एका ठिकाणी आणला. पुढाऱ्यांनी ती उचलली, पुढाऱ्यांमागच्या पोरांनी उचलली, गुत्तेदारांनी उचलली. मागच्या काचेवर आडनाव आले, पाटीवरचे ४१४१ हे आकडे वळवून त्यांचे 'दादा' झाले. काचांवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली, तरी ती अनेक गाड्यांवर पुढेही टिकून राहिली. साहेबासारखे वर बसून खाली पाहण्याची सोय आता सरकारी नोकरी न करताही झाली होती. पंचसारखी लहान गाडी हीच गोष्ट हप्त्यावर आणि चार मीटरांच्या आत देते, एवढाच काय तो फरक.

चार मीटर हा आकडा मुद्दाम आला आहे. आपण काय आवडीने घेतो आणि काय कायद्याच्या सोयीने, हे या आकड्याशिवाय समजणार नाही. २००६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात चार मीटरांहून आखूड आणि ठराविक सीसीच्या आतल्या इंजिनाच्या गाडीवरचे उत्पादन शुल्क कमी केले गेले. हेतू लहान गाडी स्वस्त व्हावी असा. पुढे जीएसटी आला तेव्हा एसयूव्हीची व्याख्याच कायद्यात लिहिली गेली: लांबी चार मीटरांहून जास्त, इंजिन १५०० सीसीहून मोठे, पोटाखालची उंची १७० मिलिमीटर किंवा अधिक. तिन्ही गोष्टी असतील तर अधिभार धरून पन्नास टक्के कर. कारखानदार हुशार. त्यांनी उंची ठेवली, लांबी कापली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कराची फेररचना झाली तेव्हा लहान गाड्यांवर १८ टक्के आणि मोठ्यांवर ४० असे दोनच दर राहिले. यात उंचीचा प्रश्नच येत नाही. शोरूममध्ये जी एसयूव्ही म्हणून विकली जाते, ती सरकारदरबारी निमूटपणे लहान गाडी म्हणून कर भरते.

हा खेळ आपण शोधलेला नाही. अमेरिकेत तो पन्नास वर्षे चालू आहे, आणि तिकडे त्याचा शेवट काय झाला हे पाहण्याजोगे आहे. १९७३ मध्ये अरबांनी तेल रोखले. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, म्हणून १९७५ साली अमेरिकेने कायदा केला, की कंपन्यांच्या गाड्यांनी सरासरी अमुक इतके मैल दिलेच पाहिजेत. पण शेतकरी आणि सुतार-गवंडी वापरतात त्या हलक्या मालगाड्यांना त्यात सवलत ठेवली. कंपन्यांनी काय करावे? त्याच मालगाडीच्या सांगाड्यावर गुबगुबीत आसने बसवली आणि ती कुटुंबांना विकायला काढली. १९८४ मॉडेलची जीप चेरोकी, १९९० मध्ये आलेली फोर्ड एक्सप्लोरर, आणि मग पूरच. बोटभर उंचीची गोष्टही तिकडे आपल्याआधी घडून गेली आहे. सुबारू कंपनीने २००४ साली आपल्या आउटबॅक या मोटारीची उंची जराशी वाढवली आणि ती कायद्याच्या लेखी 'मालगाडी' करून घेतली.

हॅचबॅकचे तिकडे आधीच वाईट नाव होते. सत्तरच्या दशकात तेलाच्या भीतीने घाईघाईत आणलेल्या अमेरिकन लहान गाड्या, फोर्ड पिंटो किंवा शेव्हरले व्हेगा, इतक्या सुमार निघाल्या की मागे उघडणारे दार म्हणजे कॉलेजच्या पोराची किंवा हात आखडलेल्या माणसाची गाडी, ही समजूत घट्ट बसली. युरोपात तसे झाले नाही. तिथे फोक्सवॅगनच्या गोल्फमधून डॉक्टरही फिरतो आणि सुतारही. अमेरिकेत मात्र फोर्डने २०१८ मध्ये जाहीर करून टाकले, की मस्टँग सोडली तर आपण लहान मोटारी विकणे जवळजवळ बंद करणार. होंडाची फिट २०२० नंतर तिथून गेली. हीच गाडी आपल्याकडे 'जॅझ' या नावाने विकली जाई; २०२३ मध्ये तीही बंद झाली. मला विचाराल तर जागेचा इतका हुशार वापर फार थोड्या गाड्यांत झाला असेल.

आपल्यातली अनेक घरे आता त्या देशाशी जोडलेली आहेत. मुलगा किंवा मुलगी न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात. आईवडील सहा महिने राहून येतात आणि तिकडच्या गाडीचे फोटो दाखवतात. गोष्टही साधारण सारखीच असते: पहिल्या नोकरीत जुनी कोरोला किंवा सिव्हिक, नातवंड झाले की सीआर-व्ही, दुसरे झाले की हायलँडर. न्यू जर्सीच्या बर्फात चारही चाकांना ताकद देणारी गाडी असणे शहाणपणाचे आहे. टेक्ससमध्ये बर्फ कितीसा पडतो? तिथे ती घेतली जाते, कारण शेजारी सगळ्यांकडे तीच असते आणि समोरून तीच येत असते. तिकडच्या लोकांच्या आवडीत आणखी एक धागा आहे. प्रत्येक पिढी आईबापांच्या गाडीपासून पळते. लांबलचक स्टेशन वॅगनमध्ये वाढलेल्यांनी मिनी व्हॅन घेतली. मिनी व्हॅनमध्ये वाढलेल्यांना ती शाळेच्या डब्यांची आणि मुलांच्या ने-आणीची गाडी वाटू लागली, म्हणून त्यांनी एसयूव्ही घेतली. अमेरिकन माणसाला उंच गाडीत घरगुतीपणापासून सुटका दिसते. आपल्या माणसाला तिच्यात साहेब दिसतो. गाडी एकच, पोटातली भूक निराळी.

या भुकेचा मराठवाड्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग २०१० च्या ऑक्टोबरातला. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) उद्योजकांनी, डॉक्टर-वकिलांनी मिळून एकगठ्ठा सुमारे दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत पासष्ट कोटींच्या घरात. मागास म्हणून हिणवलेल्या भागाने जगाला दाखवून दिले, असे कौतुक तेव्हा वर्तमानपत्रांतून झाले, आणि त्या कौतुकात खोटे काही नव्हते. पण पी. साईनाथ यांनी त्याच सुमारास एक साधी गोष्ट पुढे ठेवली. या गाड्यांना स्टेट बँकेचे कर्ज सात टक्क्यांनी मिळाले होते आणि त्याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी बारा टक्क्यांच्या घरात व्याज पडत होते. ज्या जमिनीच्या मोबदल्यावर आणि ज्या कारखानदारीवर ही समृद्धी उभी राहिली, तिच्या कडेला ट्रॅक्टरवाला उभा होता.

आता उंच गाडीच्या बाजूने जी कारणे दिली जातात ती पाहू. त्यांतली सगळीच थातुरमातुर नाहीत. गुडघे धरलेल्या आजीला अल्टोत बसवायचे म्हणजे तिला आधी खाली वाकवावे लागते आणि उतरताना दोन्ही हातांनी ओढावे लागते. पंच किंवा वॅगन आरमध्ये ती जाग्यावर वळून बसते. (बोलेरोत मात्र तिलाच चढवावे लागते, तो निराळा व्याप.) उंचावरून पुढचा रस्ता जास्त दिसतो, म्हणून नव्याने गाडी शिकलेल्या बायकांना अशी गाडी सोपी वाटते, हेही खरे. आणि डिझेल. मारुतीने २०२० च्या एप्रिलपासून डिझेल इंजिने सोडून दिली, बाकीच्यांनीही लहान गाडीतून ती काढली. एखादा अपवाद सोडला तर आज डिझेल हवे असेल त्याला उंच गाडीकडेच वळावे लागते. इंडिकावर खूश असलेल्या शेतकऱ्याला बाजाराने दुसरा रस्ताच ठेवला नाही.

पण सर्वांत जास्त वेळा ऐकू येते ते कारण रस्त्याचे. 'आपले रस्ते बघता ना, इथे खालची गाडी कशी चालेल?' यात अर्धे सत्य आहे. अंबाजोगाईहून परळीकडे किंवा लातूरकडे जाणारे रस्ते हॅचबॅकला अडवत नाहीत. अडवतात ते गावोगावचे गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि तीन मीटर सत्तर सेंटिमीटर रुंद असावा. त्यावरून कुठलीही मारुती अलगद जाते. आपल्याकडे एखादा अपघात झाला, की गावकरी रातोरात मुरुमाचा किंवा सिमेंटचा उभा बांध घालतात आणि त्यावर मग सगळ्यांची पोटे घासतात. गावकऱ्यांचेही चुकत नाही. गाडीवाले वेग कमी करत नाहीत, म्हणून बांध उंच होतो, बांध उंच म्हणून गाडी उंच होते, आणि उंच गाडी त्याच वेगाने पुढे जाते.

शेतरस्त्याचे म्हणाल तर काळ्या मातीपुढे बोटभर उंचीचा काही पाड लागत नाही. ज्येष्ठ-आषाढात पाणंदीत चिखल झाला, की तो टायरच्या खाचांत गच्च बसतो आणि चाक नुसते गुळगुळीत होऊन जाग्यावर फिरते. बहुतेक नव्या लहान एसयूव्हींची फक्त पुढची दोन चाके ओढतात, हॅचबॅकसारखीच. त्या चिखलात दोघीही रुततात आणि दोघींनाही शेवटी ट्रॅक्टरच बाहेर काढतो. ज्याला खरोखर बारमाही शेतात जायचे आहे, त्याने चारचाकी ताकदीची जीप घ्यावी किंवा पाणंद रस्त्याचे काम मार्गी लागेल यासाठी पंचायत समितीत खेटे घालावेत.

राहिली सुरक्षितता. उसाच्या हंगामात रात्री या भागात गाडी चालवणाऱ्याला भीती वाटली नाही तरच नवल. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, ऊस बाहेर आलेला. अशा वेळी आपल्याभोवती चार पत्रे जास्त असावेत असे कुणालाही वाटेल. पण उंची म्हणजे पत्रा नव्हे. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ मध्ये अल्टो ८००, नॅनो यांसारख्या पाच गाड्या आपटून पाहिल्या, तेव्हा त्यांना शून्य तारे मिळाले. सगळीकडे लहान गाड्यांची छी-थू झाली. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच संस्थेने तेव्हाची स्कॉर्पिओ आपटली. तिलाही शून्य. उलट २०२० मध्ये अल्ट्रोझ या ठेंगण्या हॅचबॅकला पाच तारे मिळाले. २०२२ च्या नव्या स्कॉर्पिओ-एनलाही पाच मिळाले, हे सांगितले पाहिजे. म्हणजे तारे गाडीच्या बांधणीला मिळतात, उंचीला नाही. शिवाय उंच गाडीचा भार वर असतो, त्यामुळे ती वळणावर किंवा टायर फुटल्यावर उलटण्याची शक्यता जास्त. अमेरिकेत २००० साली एक्सप्लोरर गाड्या आणि त्यांचे फायरस्टोन टायर यांवरून जे रामायण झाले ते यावरूनच. आणि पट्टा लावलेला नसेल तर कुठलीही गाडी वाचवत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सायरस मिस्त्री ज्या गाडीत गेले ती उंच, महाग, नावाजलेली जर्मन गाडी होती. पट्टा न लावता मागे बसलेले दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. आपल्याकडे मागच्या सीटवरचे पट्टे बहुधा सीटच्या फटीत खोवून ठेवलेले असतात, कारण ते टोचतात.

हे सगळे झाले आतल्या माणसांचे. बाहेरच्यांचे काय? मला या साऱ्या प्रकरणात खटकते ते इथे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतल्या दर शंभरांत ४४ दुचाकीवरची होती, १९-२० पायी चालणारी, आणि मोटारीतली बारा-तेरा. अमेरिकेत अपघातात मरणारे पादचारी २००९ साली चार हजारांच्या आसपास होते, २०२२ पर्यंत ते साडेसात हजारांवर गेले. कारणे अनेक असतील. पण तिथल्या विमा कंपन्यांच्या रस्तासुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये हजारो अपघात तपासून सांगितले, की ज्या गाडीचे बॉनेट जमिनीपासून सुमारे मीटरभराहून उंच असते, तिची धडक बसलेला पादचारी दगावण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त असते. कारण सोपे आहे. ठेंगणी गाडी पायांना लागते आणि माणूस बॉनेटवर पडतो. उंच गाडी छातीला किंवा डोक्याला लागते आणि माणूस खाली, चाकांपुढे जातो. पोर असेल तर ते चालवणाऱ्याला दिसतही नाही. पंचसारख्या गाड्यांचे नाक एवढे उंच नाही. पण मोठ्या गाड्यांचे या मापाच्या आसपास येते, आणि त्यावर लोखंडी गार्ड लावायची आपली हौस निराळी. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरात असे गार्ड काढायला सांगितले होते. मंडी बाजारातून संध्याकाळी चालत जाणाऱ्याने ते किती निघाले ते मोजून पाहावे. या बाजाराची रुंदी बैलगाडी आणि सायकल यांच्या हिशेबाची. तिथे समोरासमोर दोन रुंद गाड्या आल्या, की भाजी घेणारी बाई गटाराच्या कडेवर सरकते.

'स्वाराती'च्या अपघात विभागात खाटेवर असतो तो बहुतेक वेळा मोटारसायकलवरचा पोरगा किंवा रस्ता ओलांडणारा म्हातारा. त्याने हॅचबॅक आणि एसयूव्ही यांत निवड केलेली नसते. ती दुसऱ्या कुणीतरी त्याच्या वतीने केलेली असते.

शेवटी पैसा. चार लाख रुपये जास्तीचे घालून मोठी गाडी घ्यायची ठरवली आणि ते नऊ टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याला साधारण ६,४०० रुपये हप्ता पडतो. सात वर्षांत या चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार होतात. गाडीची किंमत तोवर निम्म्याच्याही खाली आलेली असते. हे ६,४०० रुपये म्हणजे लातूरला शिकवणीसाठी ठेवलेल्या मुलीच्या खर्चातला मोठा वाटा. लग्नाच्या बाजारात तर हा हिशेब आणखी कडू होतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. तरी मांडवापुढे फीत लावलेली गाडी उभी दिसते आणि ती कुणाच्या कर्जावर उभी आहे हे पंगतीत सगळ्यांना माहीत असते. पूर्वी तिथे मारुती चालत असे. आता मुलाकडचे 'जरा उंच' असा शब्द वापरतात.

नॅनो या सगळ्यातून सुटायचा एक प्रयत्न होता. पावसात स्कूटरवरून जाणारे चौकोनी कुटुंब पाहून रतन टाटांना ती सुचली, २००९ मध्ये ती बाजारात आली आणि २०१८ पर्यंत संपली. सर्वांत स्वस्त गाडी म्हणून तिची ओळख झाली हे चुकले, असे पुढे खुद्द टाटांनीच म्हटले. ज्यांच्यासाठी ती बनवली त्यांनाच ती घ्यायला लाज वाटली. ते कुटुंब मात्र अजून रस्त्यावर आहे. पेट्रोलच्या टाकीवर थोरला, मध्ये धाकटी, मागे बाई, हातात पिशवी.

अंबाजोगाईला रेल्वे नाही. जवळचे स्टेशन म्हणजे परळी किंवा घाटनांदूर. अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी आली ती २०२५ च्या सप्टेंबरात, तीही कित्येक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. अशा गावात चारचाकी ही चैन राहिलेली नाही, आणि लहान गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आला तो याच कुटुंबासाठी, असे आपण धरून चालू. त्या कुटुंबाचा बाप उद्या शोरूममध्ये जाईल. विक्रेता त्याला आधी खालची गाडी दाखवील, मग शेजारची उंच गाडी, आणि महिन्याला फक्त हजार-दीड हजारच जास्त पडतील असे सांगेल. त्या वेळी त्याच्याबरोबर घरातली बाई असावी, आणि तिने गाडीच्या कागदावर एअरबॅगा किती, तारे किती, मागच्या तिन्ही जागांना पट्टे आहेत का, एवढे विचारून घ्यावे. पोटाखालची उंची त्याच कागदावर मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ती शेजारच्या गाडीच्या कागदाशी ताडून पाहावी.